राज्यपालांच्या नावाने निघणारे आदेश आणि कलेला मिळणारा निधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विदर्भातील एका लोककला संस्थेच्या कार्यवाहांनी विचारले आहे की, अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या गव्हर्नरांनी २०२४ मध्ये कलासंस्थांची सर्व अनुदाने एका सहीने रद्द केल्याचे वाचनात आले. आपल्याकडेही प्रत्येक शासन निर्णयाच्या अखेरीस राज्यपालांचे नाव असते. मग आमचे रखडलेले अनुदान सोडवून घेण्यासाठी आम्ही थेट राज्यपालांनाच निवेदन का देऊ नये? आणि राज्य शासन कलेला जो आधार देते, त्यात राज्यपालांचा वाटा नेमका किती असतो?

शासकीय अनुदानाच्या नस्त्या (फाइली) मी अनेक वर्षे टेबलाच्या पलीकडे बसून हाताळल्या आहेत आणि निवृत्तीनंतर अलीकडे बसून संस्थांना त्याच नस्त्यांसाठी प्रस्ताव तयार करून देतो. त्या अनुभवावरून आधी सरळ उत्तर देतो. निवेदन अवश्य द्यावे, त्यात गैर काही नाही. परंतु आपले अनुदान राजभवनातून (आताच्या ‘लोकभवना’तून) सुटणार नाही, कारण ते तिथे अडलेलेच नसते. राज्यपालांच्या हाती कलाक्षेत्राच्या उपयोगाच्या काही गोष्टी निश्चित आहेत, मात्र त्या आपण समजता त्या नव्हेत.

प्रथम नावाचा उलगडा करू. राज्याचा कार्यकारी अधिकार राज्यपालांच्या ठायी असेल असे संविधानाचा अनुच्छेद १५४ सांगतो, आणि अनुच्छेद १६६ प्रमाणे शासनाची प्रत्येक कार्यकारी कारवाई त्यांच्या नावाने होते. म्हणूनच शासन निर्णयाच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ येते आणि तिच्याखाली कक्ष अधिकारी, अवर सचिव किंवा उपसचिव यांची सही असते. तो कागद राजभवनात गेलेला नसतो. अनुच्छेद १६३ प्रमाणे राज्यपालांनी, काही मोजके अपवाद वगळता, मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये समशेर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात हे स्पष्ट केले आहे. अनुदान मंजूर करणे, नाकारणे किंवा त्याची रक्कम वाढवणे या गोष्टी त्या मोजक्या अपवादांत येत नाहीत.

अर्थसंकल्पाच्या बाबतीतही हेच दिसते, आणि इथे फ्लोरिडाशी केलेली तुलना तपासून घेतली पाहिजे. अमेरिकेतील राज्याचा गव्हर्नर हा लोकांनी थेट निवडून दिलेला कार्यकारी प्रमुख असतो. आपल्या व्यवस्थेत त्याच्या जागी मुख्यमंत्री येतात. शिवाय तेथील बहुतेक राज्यांत विधिमंडळाने मंजूर केलेल्या अर्थसंकल्पातील एखादी बाब तेवढी खोडण्याचा अधिकार गव्हर्नरला असतो. फ्लोरिडात रॉन डिसँटिस यांनी याच अधिकाराने सुमारे ३ कोटी २० लाख डॉलरची कला व सांस्कृतिक अनुदाने वगळली. त्यापूर्वी २०११ मध्ये कॅन्सस राज्यात सॅम ब्राउनबॅक यांनी राज्य कला आयोगाची संपूर्ण तरतूदच खोडली आणि त्यापायी राज्याला मिळणाऱ्या संघराज्याच्या निधीवरही पाणी सोडावे लागले. आपल्या राज्यपालांना असे काहीही करता येत नाही. अनुच्छेद २०२ प्रमाणे वार्षिक वित्तीय विवरणपत्र, म्हणजेच अर्थसंकल्प, विधिमंडळासमोर मांडले जाईल अशी व्यवस्था त्यांनी करायची आणि अनुच्छेद २०३ प्रमाणे त्यांच्या शिफारशीशिवाय अनुदानाची मागणी मांडता येत नाही, हे खरे. पण ती शिफारसही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच होते. तिजोरीतून खर्च करण्यास मंजुरी देणारे विनियोजन विधेयक हे धन विधेयक असल्यामुळे ते फेरविचारासाठी परत पाठवता येत नाही, मग त्यातील कलेची एखादी ओळ खोडणे दूरच राहिले.

एकच परिस्थिती अशी आहे की, जेव्हा राज्यपाल खरोखरच निधीविषयी निर्णय घेतात, आणि ती म्हणजे राष्ट्रपती राजवट. नोव्हेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रात अल्पकाळ ती लागू असताना राज्यपालांनी अवकाळी पावसाने नुकसान झालेल्या शेतकऱ्यांसाठी हेक्टरी मदत जाहीर केली होती. कलावंतांसाठी तसे काही होण्याइतकी ती राजवट टिकली नाही, आणि टिकावी अशी इच्छा कोणी करू नये.

आता निधी कोठून निघतो ते पाहू. संस्थाचालकांची पहिली अडचण अशी असते की, ‘राज्य शासन’ हे एकच कार्यालय आहे असे धरून ते पत्रव्यवहार करतात. प्रत्यक्षात कलेचा कारभार किमान तीन विभागांत विभागलेला आहे. नाटक, संगीत, नृत्य, लोककला, राज्य नाट्य स्पर्धा, महोत्सव आणि प्रयोगात्मक कलांची अनुदाने हे विषय सांस्कृतिक कार्य विभाग आणि त्याच्या अखत्यारीतील सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडे आहेत. चित्र-शिल्पकलेचे शिक्षण आणि राज्य कला प्रदर्शन हे कला संचालनालयाकडे असून ते उच्च व तंत्र शिक्षण विभागाच्या हाताखाली येते. ग्रंथनिर्मिती, नवलेखकांना अनुदान, वाङ्मय पुरस्कार हे महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या आणि मराठी भाषा विभागाच्या कक्षेत आहेत. हे मंडळ १९६० साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाले. गावोगावची नाट्यगृहे बहुतांशी नगरपालिका आणि महानगरपालिकांची आहेत, त्यामुळे गळक्या छताची तक्रार संचालनालयाकडे करून उपयोग होत नाही. चित्रकाराचा अर्ज नाटकवाल्यांच्या कार्यालयात महिनोन्‌महिने पडून राहिल्याची उदाहरणे मी पुष्कळ पाहिली आहेत. तिथे अन्याय वगैरे काही नसतो, अर्ज चुकीच्या दारात गेलेला असतो.

योग्य दारात गेलेल्या प्रस्तावाचा पुढचा प्रवास जवळून पाहण्यासारखा आहे. समजा एका दंडार (पूर्व विदर्भातील लोकनाट्य) मंडळाने प्रयोगांसाठी अनुदान मागितले. अर्जासोबत संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, प्रयोग झाल्याचे पुरावे, कलावंतांची यादी आणि बँक खात्याचा तपशील जोडलेला असतो. कार्यालयात आवक क्रमांक पडतो आणि छाननी होते; मग त्रुटींचे पत्र निघते. लोककला मंडळांच्या बाबतीत हे पत्र जवळजवळ हमखास निघते, कारण प्रयोगाचा करार तोंडी झालेला असतो, बिदागी रोख मिळालेली असते आणि पुरावा म्हणून फार तर जत्रेचे एक हँडबिल असते. ज्या कलेचा सारा व्यवहारच विश्वासावर चालतो, तिच्याकडे शासन पावती मागते. पावती मागणे चूक नाही, कारण पैसा जनतेचा आहे. परंतु ग्रामपंचायतीचा दाखला पुरावा म्हणून धरण्याची मुभा नियमात नीट लिहून ठेवली, तर यातली निम्मी पत्रे वाचतील असे माझे मत आहे.

त्रुटी दूर झाल्यावर प्रस्ताव तज्ज्ञ समितीसमोर जातो. समितीने शिफारस केली की, विभागात टिपणी तयार होते, आणि तरतुदीबाहेरचा किंवा प्रथेबाहेरचा खर्च असेल तर नस्ती वित्त विभागाच्या सहमतीसाठी जाते. खरा निर्णय इथे होतो. मुख्य शीर्ष २२०५, म्हणजे ‘कला व संस्कृती’, या लेखाशीर्षाखाली वर्षारंभी जी तरतूद दिसते ती सगळी खर्चासाठी मोकळी असते असे समजू नये. वित्त विभाग ती टप्प्याटप्प्याने वितरित करतो, आणि महसूल अपेक्षेइतका आला नाही तर पहिली कात्री अशाच शीर्षांवर चालते, ज्यांच्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही. वेतन आणि निवृत्तिवेतन थांबवता येत नाही, कर्जावरील व्याज थांबवता येत नाही. महोत्सव मात्र पुढे ढकलता येतो. त्यात उशिराने मंजूर झालेला निधी मार्चच्या अखेरच्या आठवड्यात हाती येतो, ३१ मार्चपूर्वी देयक कोषागारात गेले नाही तर तो व्यपगत होतो, म्हणजे हातचा जातो, आणि पुढील वर्षी कार्यवाहांना तीच कागदपत्रे नव्याने जोडावी लागतात. आपले अनुदान ‘रखडले’ असे जेव्हा आपण म्हणता, तेव्हा बहुतेक वेळा ते त्रुटीच्या पत्रात, वितरणाच्या टप्प्यात किंवा मागील वर्षाच्या उपयोगिता प्रमाणपत्रात अडकलेले असते. शेवटचे कारण संस्थांच्या फारसे लक्षात येत नाही. आधीच्या अनुदानाचा विनियोग झाल्याचे सनदी लेखापालांचे प्रमाणपत्र दिलेले नसेल, तर पुढचा हप्ता कोणीही, अगदी मंत्र्यांनी शेरा मारला तरी, सोडत नाही.

राजभवनात दिलेल्या निवेदनाचे काय होते, हेही सांगितले पाहिजे. तिथे ते आदराने स्वीकारले जाते, पोच मिळते, कधी भेटीचा फोटोही मिळतो. नंतर ते ‘उचित कार्यवाहीस्तव’ असा शेरा घेऊन मंत्रालयातील संबंधित विभागाकडे जाते, विभागाकडून संचालनालयाकडे, संचालनालयाकडून प्रादेशिक कार्यालयाकडे. ज्या सहायकाच्या टेबलावर आपला मूळ अर्ज आहे त्याच टेबलावर काही आठवड्यांनी हे निवेदनही येऊन पोचते, आणि तो सहायक आपल्याला जे उत्तर पाठवतो त्यात त्रुटींची तीच यादी असते. फायदा एवढाच की, वरून संदर्भ आल्यामुळे उत्तर लवकर मिळते. तेवढ्यासाठी निवेदन द्यायचे असेल तर जरूर द्यावे.

व्यक्तिगत कलावंतांना मिळणाऱ्या आधारात सर्वांत जुनी आणि माझ्या मते सर्वांत उपयुक्त योजना ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांच्या मानधनाची आहे. ती १९५४-५५ पासून चालत आली आहे. पूर्वी कलावंतांचे अ, ब, क असे वर्ग होते आणि दरमहा अनुक्रमे ३,१५०, २,७०० आणि २,२५० रुपये मिळत. २०२४ मध्ये हे वर्ग मोडीत काढून सर्वांना सरसकट ५,००० रुपये करण्यात आले आणि योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. वर्गवारी गेली हे फार चांगले झाले. आयुष्यभर ढोलकी वाजवलेल्या माणसाला साठाव्या वर्षी ‘आपण स्थानिक दर्जाचे’ असे लेखी कळवणे ही शोभणारी गोष्ट नव्हती. निवड जिल्हास्तरीय समिती करते आणि दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून ठरावीक संख्येनेच नवे लाभार्थी घेतले जातात, त्यामुळे पात्र असूनही वाट पाहावी लागते. इथेही राज्यपालांकडे जाऊन रांग पुढे सरकत नाही.

या सगळ्या योजनांची एक दुखरी बाजू मात्र राज्यपालांच्या नावाशी जोडलेली आहे. आपल्याकडील बहुतेक कलाविषयक योजना, समित्या आणि पुरस्कार कायद्याने स्थापन झालेले नाहीत, ते शासन निर्णयाने निर्माण झालेले आहेत. आणि जे शासन निर्णयाने येते ते शासन निर्णयाने जातेही. डिसेंबर २०२२ मधील प्रकरण वाचकांना आठवत असेल. एका अनुवादित पुस्तकाला राज्य वाङ्मय पुरस्कार ६ तारखेला जाहीर झाला आणि १२ तारखेला निघालेल्या शासन निर्णयाने तो रद्द झाला. एवढेच नव्हे तर परीक्षक समितीही बरखास्त झाली. त्यानंतर अनेक साहित्यिकांनी राजीनामे दिले आणि पुरस्कार परत केले. तो निर्णयही रीतीप्रमाणे राज्यपालांच्याच नावाने निघाला होता, परंतु त्यावरून कोणी राज्यपालांना जबाबदार धरले नाही आणि ते बरोबरच होते. याउलट २०१५ मध्ये बाबासाहेब पुरंदरे यांना महाराष्ट्र भूषण देण्यावरून वाद पेटला असताना तो सोहळा राजभवनात राज्यपालांच्या हस्ते झाला. निवड शासनाची, वाद शासनाच्या निवडीवरचा. राज्यपालांकडे आले ते पुरस्कार हाती देण्याचे काम. दोन्ही प्रसंग एकत्र ठेवले म्हणजे या पदाचे कलाक्षेत्रातील स्थान ध्यानात येते.

यावर उपाय म्हणून काही मंडळी असे सुचवतात की, पुरस्कार आणि अनुदाने राज्यपालांच्या अखत्यारीत द्यावीत, म्हणजे ती राजकारणापासून दूर राहतील. मला ही सूचना पटत नाही. राज्यपाल हे केंद्र शासनाच्या सल्ल्याने नेमले जातात, ते विधिमंडळाला उत्तरदायी नसतात, आणि राज्यात व केंद्रात वेगवेगळ्या पक्षांची सरकारे असली म्हणजे राजभवन आणि मंत्रालय यांच्यातली ओढाताण आपण सर्वांनी पाहिली आहे. त्या ओढाताणीत कलेचा निधी सापडू नये. केरळमध्ये नेमके हेच झाले. केरळ कलामंडलम् या अभिमत विद्यापीठाच्या कुलपतिपदावरून नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथील सरकारने राज्यपालांना दूर केले आणि पुढच्याच महिन्यात नृत्यांगना मल्लिका साराभाई यांची नियुक्ती केली. कलावंत कुलपती लाभला हे उत्तम झाले, पण तो लाभण्याचे कारण कथकलीशी संबंधित नव्हते. तमिळनाडूने २०१३ मध्ये संगीत व ललित कलांचे विद्यापीठ काढले तेव्हा कुलपतिपद आरंभापासूनच मुख्यमंत्र्यांकडे ठेवले. खुर्ची राज्यपालांची की मुख्यमंत्र्यांची, या प्रश्नापेक्षा त्या संस्थेला स्वतःचा कायदा, ठरलेल्या मुदतीचे सदस्य आणि हमीचा निधी आहे की नाही, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेले स्वायत्त कला मंडळ आपल्याकडे असते, तर एका रात्रीत समिती बरखास्त करणे इतके सोपे झाले नसते. राज्याचे पहिले सांस्कृतिक धोरण २०१० मध्ये आले आणि नवे धोरण २०२४ मध्ये मंजूर झाले; धोरणाला मात्र कायद्याचे बळ नसते, तरतुदीअभावी ते कपाटात राहू शकते.

आता राज्यपालांकडे जे खरोखर आहे त्याकडे वळतो. आपण विदर्भातले आहात, म्हणून सर्वांत आधी नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राविषयी लिहितो. केंद्र शासनाने १९८५-८६ मध्ये देशात सात क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रे स्थापन केली आणि त्यांची अध्यक्षपदे त्या त्या ठिकाणच्या राज्यपालांकडे दिली. नागपूर केंद्राचे अध्यक्ष महाराष्ट्राचे राज्यपाल असतात. महाराष्ट्र हा उदयपूर येथील पश्चिम क्षेत्र केंद्राचाही सदस्य आहे, पण तेथील अध्यक्षपद राजस्थानच्या राज्यपालांकडे आहे. नागपूरच्या केंद्रात गुरु-शिष्य परंपरेखालील प्रशिक्षण, लोककला व आदिवासी कलांचे महोत्सव, इतर राज्यांत होणारे कार्यक्रम, हस्तकलेचे मेळे असे उपक्रम चालतात. ही संस्था राज्य शासनाची नव्हे, तिला प्रामुख्याने केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाकडून निधी मिळतो, आणि दैनंदिन कारभार संचालक पाहतात. तरीही इथे राज्यपाल हे नुसते नावापुरते नसतात. नियामक मंडळाची बैठक त्यांच्या अध्यक्षतेखाली होते, आणि दंडार किंवा खडी गंमत (विदर्भातील तमाशासारखा लोककलाप्रकार) यांसारख्या कलांना केंद्राच्या कार्यक्रमांत वर्षानुवर्षे स्थान मिळत नसेल, तर तो प्रश्न अध्यक्ष म्हणून त्यांच्यासमोर मांडण्यात पूर्ण औचित्य आहे. माझ्या पाहण्यात असे फार कमी लोक करतात. जे राज्यपालांच्या हाती नाही ते त्यांच्याकडे मागायला सगळे जातात आणि जे आहे ते मागायला कोणी जात नाही.

दुसरे क्षेत्र विद्यापीठांचे. राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांचे कुलपती या नात्याने राज्यपालांचा तिथे स्वतंत्र अधिकार चालतो. कुलगुरूंची नियुक्ती ते करतात, आणि कुलगुरूंना आस्था असेल तर नाट्यशास्त्र, संगीत, लोककला यांचे विभाग तग धरतात. नसेल तर प्राध्यापक निवृत्त होत जातात आणि जागा रिकाम्या राहतात. पुण्याच्या विद्यापीठातील ललित कला केंद्र किंवा मुंबई विद्यापीठातील लोककला अकादमी यांसारख्या विभागांतून कलावंतांची पिढी घडली आहे, हे कोणी नाकारणार नाही. विद्यापीठांमधला ‘इंद्रधनुष्य’ हा सांस्कृतिक युवक महोत्सव तर राजभवनाच्या पुढाकारानेच सुरू झाला. आपली कला या महोत्सवातील स्पर्धाप्रकारांत किंवा एखाद्या विद्यापीठाच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमात यावी अशी आपली मागणी असेल, तर कुलपतींना लिहिलेले पत्र योग्य जागी पोचते. गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीत आहे, झाडीपट्टी रंगभूमीचा, म्हणजे पूर्व विदर्भातील व्यावसायिक नाटकांचा, मुलूख त्याच्या भोवती आहे. याहून सोयीचा जुळून आलेला योग शोधावा लागणार नाही.

तिसरे क्षेत्र विधान परिषदेचे, आणि ते बोलायला थोडे अवघड आहे. अनुच्छेद १७१ प्रमाणे साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांचे विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या व्यक्तींना राज्यपाल नामनियुक्त करतात. महाराष्ट्राच्या ७८ सदस्यांच्या परिषदेत अशा १२ जागा आहेत. ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर यांच्यासारखे कवी या वाटेने सभागृहात बसले, आणि महानोरांनी तिथे शेती व पाण्याविषयी केलेली भाषणे आजही आठवली जातात. पुढे मात्र या जागा बहुतांशी पक्षकार्यकर्त्यांच्या सोयीच्या झाल्या; ‘समाजसेवा’ आणि ‘सहकार’ या दोन सदरांत जवळजवळ कोणीही बसू शकतो. नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन मंत्रिमंडळाने १२ नावे राज्यपालांकडे पाठवली, त्यांत लोकगायक आनंद शिंदे यांचेही नाव होते. त्यावर निर्णयच झाला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये वाजवी मुदतीत निर्णय घेणे हे राज्यपालांचे कर्तव्य असल्याचे म्हटले, तरीही यादी तशीच राहिली आणि सरकार बदलल्यावर २०२२ मध्ये ती मागे घेण्यात आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सात सदस्यांनी शपथ घेतली, तेव्हा त्यांत कलेसाठी ओळखला जाणारा कोणी नव्हता. इथेही नावे मंत्रिमंडळ ठरवते, पण सही न करता थांबण्याने काय होऊ शकते ते या प्रकरणात दिसले. कलावंत संघटनांनी अनुदानाच्या मागण्यांइतकाच आग्रह या जागांसाठी धरायला हवा होता. लोककलावंतांच्या मानधनाविषयी सभागृहात लक्षवेधी मांडणारा एक जाणकार सदस्य दहा निवेदनांइतका उपयोगी पडतो.

अनुच्छेद ३७१(२) चा उल्लेख विदर्भातील मित्र नेहमी करतात, म्हणून त्यावर दोन वाक्ये. या अनुच्छेदाखाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यात विकासखर्चाच्या निधीचे समन्यायी वाटप होण्याची विशेष जबाबदारी राज्यपालांकडे देण्यात आली होती आणि वैधानिक विकास मंडळे १९९४ पासून अस्तित्वात होती. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. अनुशेष मोजताना सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य अशी क्षेत्रे धरली गेली, कलेचा अनुशेष कोणी मोजला नाही, त्यामुळे ही वाट चालू असती तरी तिच्यावरून आपल्या मागणीपर्यंत पोचणे कठीणच होते.

झाडीपट्टीचे उदाहरण मी मुद्दाम आणखी एका कारणासाठी देतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि भंडारा या पट्ट्यात धानाची कापणी झाल्यावर जी नाटके होतात ती मुख्यतः तिकिटावर उभी आहेत. त्या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तोवर अनुदानाच्या कागदांत या रंगभूमीची दखल फारशी घेतली गेली नव्हती. अशा रंगभूमीला रोख अनुदानापेक्षा करातील सवलत, रात्रीच्या प्रयोगाची परवानगी सुलभ मिळणे आणि अपघात विमा या गोष्टी अधिक लागतात. नाटकाचे ५०० रुपयांपर्यंतचे तिकीट वस्तू व सेवा करातून मुक्त आहे, तो निर्णय जीएसटी परिषदेचा. परवानगीचा विषय पोलीस आणि महसूल यंत्रणेचा. राज्य शासनाचा आधार म्हटले की आपण लगेच धनादेशाचा विचार करतो, पण धनादेशाशिवाय मिळणारा आधार अनेकदा अधिक टिकतो.

शेवटी आपल्या संस्थेने काय करावे ते सांगतो. रखडलेल्या अनुदानासाठी संचालनालयाकडे आवक क्रमांक व दिनांक देऊन प्रस्ताव कोणत्या टप्प्यावर आहे याची लेखी विचारणा करा; उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराखाली टिपणीची प्रत मागा, कारण टिपणीत अडचण एका ओळीत लिहिलेली असते. मागील वर्षाचे उपयोगिता प्रमाणपत्र दिले आहे याची खात्री करून घ्या. तरतूदच नसल्याचे कळले, तर आपल्या आमदारांमार्फत पुरवणी मागण्यांच्या (वर्षाच्या मध्ये मांडल्या जाणाऱ्या जादा निधीच्या मागण्यांच्या) वेळी विषय काढा, म्हणजे पावसाळी किंवा हिवाळी अधिवेशनाच्या किमान दोन महिने आधी. अधिवेशन सुरू झाल्यावर दिलेल्या पत्राचा उपयोग फक्त पुढच्या अधिवेशनासाठी होतो. आणि राज्यपालांना पत्र लिहायचेच असेल, तर ते नागपूर केंद्राचे अध्यक्ष किंवा विद्यापीठाचे कुलपती या नात्याने संबोधून लिहा, मागणी एकच ठेवा, त्या मागणीचा केंद्राच्या किंवा विद्यापीठाच्या कोणत्या उपक्रमाशी संबंध आहे ते पहिल्याच परिच्छेदात सांगा, कलाप्रकाराची दोन पानी माहिती आणि प्रयोगाचे चित्रीकरण जोडा, आणि पत्राची एक प्रत त्याच दिवशी केंद्राच्या संचालकांना किंवा कुलसचिवांना द्या, कारण राजभवनातून अभिप्राय मागवला जाईल तो त्यांच्याकडूनच.